उपडे खापर आणि बेळगावचे मांडे

बेळगाव, खानापूर, संकेश्वर आणि निपाणी या सीमाभागाच्या खाद्यपरंपरेत आज सर्वाधिक नाव कुंद्याचे असले, तरी जुन्या ग्रंथांचा भक्कम आधार ज्याच्या पाठीशी आहे असा येथील पदार्थ शोधू गेल्यास हाती लागतो तो मांडा. कागदासारखा पातळ, घडी घातलेला, साखर-तुपाचे सारण पोटात घेऊन कुरकुरीत झालेला हा पदार्थ बेळगावकडील लग्नघरांतून आजही मागवला जातो आणि कन्नड भाषक त्यालाच ‘मंडिगे’ म्हणतात. दोन्ही शब्द संस्कृत ‘मंडक’ या एकाच शब्दापासून आलेले असल्यामुळे, त्यांपैकी कोणी कोणाकडून काय उचलले हा सीमाभागात हमखास रंगणारा वाद येथे मुळातच उभा राहत नाही. खरा ऐतिहासिक प्रश्न वेगळा आहे, आणि तो असा की ज्या मंडकाचे वर्णन मध्ययुगीन ग्रंथांत रोजच्या जेवणातील एक प्रकारची भाकरी म्हणून येते, तो बेळगावात येईपर्यंत टिकाऊ, कोरडे आणि गोड पक्वान्न कसा झाला.

या पदार्थाचा माग घेताना पहिला महत्त्वाचा टप्पा कल्याणीचा लागतो. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ किंवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात, साधारणपणे इ. स. ११२९च्या सुमारास, सिद्ध झाला. राजाने राज्य कसे मिळवावे, कसे राखावे आणि कोणकोणते उपभोग व विनोद कसे अनुभवावेत याची शंभर अध्यायांत मांडणी करणाऱ्या या ग्रंथात ‘अन्नभोग’ हे प्रकरण असून त्यात भात, डाळी, मांस, दुधाचे पदार्थ यांच्याबरोबर गव्हाच्या पिठाच्या अनेक प्रकारांचे वर्णन आहे, आणि कणकेचे गोळे हाताने पसरून तापल्या खापरावर भाजलेला मंडक हा त्यांपैकी एक आहे. हाच ग्रंथ मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना परिचित आहे तो निराळ्या कारणाने, कारण त्याच्या संगीतविषयक भागात कन्नड पदांबरोबर अगदी आरंभीच्या काळातील मराठी पदांचेही नमुने आढळतात. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, आणि त्या काळात आजच्या बेळगाव जिल्ह्याच्या मोठ्या भागावर सत्ता होती ती चालुक्यांचे मांडलिक असलेल्या सौंदत्तीच्या रट्टांची. पुढे तेराव्या शतकाच्या आरंभी याच रट्टांनी आपली राजधानी वेणुग्रामाला, म्हणजे बेळगावला, आणली आणि किल्ल्यातील १२०४ची कमल बस्ती ही त्यांच्या काळाची साक्ष आजही उभी आहे. कल्याणीच्या राजाच्या ताटातील मंडक रट्टांच्या राजधानीतही भाजला जात होता असे थेट सांगणारा लेख नाही. तरी दोन्ही ठिकाणे एकाच राजकीय आणि सांस्कृतिक वर्तुळात होती, एवढे निश्चित म्हणता येते. जाता जाता नोंदवण्याजोगी गोष्ट अशी की, त्या राजाच्या स्वयंपाकघरात मिरची, बटाटा आणि टोमॅटो यांपैकी काहीही असणे शक्य नव्हते आणि तिखटपणाचा सारा भार मिरी, पिंपळी व आले यांवर होता; आज ज्या संकेश्वरी मिरचीवाचून निपाणीकडील चटणी पुरी होत नाही, तिचे पूर्वज पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेहून या किनाऱ्यावर येण्यास अजून जवळपास चारशे वर्षे अवकाश होता.

मंडकाची सर्वांत नेमकी कृती मात्र पाकशास्त्राच्या नव्हे, तर वैद्यकाच्या ग्रंथात सापडते. सोळाव्या शतकातील भावमिश्र या वैद्याने ‘भावप्रकाश’ या ग्रंथात शिजवलेल्या अन्नाचे गुणदोष सांगताना प्रत्येक पदार्थ कसा करावा हेही लिहिले आहे आणि मंडकापूर्वी त्याने त्यासाठी लागणाऱ्या पिठाची, म्हणजे ‘समिते’ची, कृती दिली आहे. पांढरे गहू धुवावेत, कांडावेत, वाळवावेत, मग त्यांवर पाणी शिंपडावे आणि त्यानंतर ते जात्यात दळून चाळावेत, असा हा क्रम आहे. वाळवलेल्या गव्हावर पुन्हा पाणी शिंपडण्याची ही पायरी वरवर पाहता विसंगत वाटते, परंतु तीत पक्के तंत्र आहे, कारण ओलाव्याने गव्हाची साल चिवट होते, दळताना तिचा भुगा न होता ती मोठ्या पापुद्र्यांच्या रूपाने सुटते आणि चाळणीत मागे राहते. आधुनिक पीठगिरण्या दळण्याआधी गहू ओलावून ठेवतात त्यामागचे तत्त्व हेच आहे, आणि दिवाळीपूर्वी गहू ओलवून, फडक्यात बांधून ठेवून त्यांपासून घरी रवा व सपीठ काढणाऱ्या मराठी घरांतील स्त्रियाही नेमके हेच करीत आल्या आहेत. समिता म्हणजे वस्तुतः सपीठच. साल गेलेले हे पीठ पाण्याने मळले की त्यातील चिकट प्रथिनांची अखंड जाळी तयार होते. कोंडा असलेल्या पिठात ही जाळी जागोजागी तुटते, म्हणून साध्या कणकेची पोळी लाटता येते पण हातावर फुलवत नेऊन पडद्यासारखी पातळ करता येत नाही.

भावमिश्र पुढे सांगतो की, ही समिता पाण्याने मऊ करून चांगली मर्दावी, तिचा उंडा हातांवर खेळवत पसरावा, तो तोंड खाली करून ठेवलेल्या घटाच्या बाहेरील अंगावर टाकावा आणि मंद आचेवर भाजावा. खाण्याची रीतही तो देतो: तूप आणि खांडसाखर घातलेल्या दुधाबरोबर, किंवा शिजवलेल्या मांसाबरोबर, नाहीतर ताकातल्या वड्यांबरोबर. मांड्याला केवळ सोवळ्यातील पक्वान्न समजणाऱ्या वाचकाला यातील मांसाचा पर्याय खटकेल, परंतु तो अगदी स्वाभाविक आहे, कारण त्या काळचा मंडक गोड नव्हताच. तो होता भाकरीच्या जागी येणारा, कशाहीबरोबर खाता येणारा, मऊ आणि अतिशय पातळ असा गव्हाचा पदार्थ. पश्चिम आशियात बहिर्गोल लोखंडी ‘साज’वर भाजली जाणारी पातळ रोटी आणि उत्तर भारतात उपड्या कढईवर टाकली जाणारी रुमाली रोटी ही त्याचीच भावंडे म्हणता येतील. उपड्या भांड्याचा उपयोग सर्वत्र एकाच कारणासाठी होतो: सपाट तव्यावर मावणार नाही एवढा मोठा पापुद्रा गोल पाठीवर आपल्याच वजनाने ताणलेला राहतो, त्याला सुरकुती पडत नाही आणि आच सर्व बाजूंनी सारखी लागते.

भांडे हाच या पदार्थाचा प्राण आहे, याचा मराठीतील सर्वांत प्रसिद्ध पुरावा म्हणजे मुक्ताबाईच्या मांड्यांची कथा. मुक्ताबाईला मांडे करायचे असताना विसोबा चाटी याने आळंदीच्या कुंभारांना खापर देण्यास मनाई केली, तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने जठराग्नी चेतवून आपली पाठ तापवली आणि तिच्यावर मांडे भाजले गेले, असे ही कथा सांगते. ज्ञानदेवांचा काळ तेराव्या शतकाचा आणि ही कथा घराघरांत पोचवणारा महिपतीचा ‘भक्तविजय’ १७६२चा असल्यामुळे तिचा उपयोग तेराव्या शतकातील घटनेचा दाखला म्हणून करता येत नाही. मात्र कथा रचणाऱ्यांना व ऐकणाऱ्यांना कोणत्या गोष्टी सहज ठाऊक होत्या, हे तीवरून अचूक कळते. मांड्यासाठी कुंभाराकडचे खास खापर लागते, ते घरात नेहमी नसते, ते मिळाले नाही तर तव्यावर काम भागत नाही आणि लागणारे भांडे वाकलेल्या पाठीसारखे बहिर्गोल असते, हे सारे गृहीत धरल्याखेरीज चमत्काराला अर्थच उरत नाही. पाकशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास संतचरित्रातील ही कथा भावप्रकाशातील कृतीला दुजोरा देते.

खापराची ही परंपरा जिथे जशीच्या तशी टिकली तो प्रदेश खानदेश. तेथील मांड्यात पुरण भरलेले असते, तो लाटण्याऐवजी दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवला जातो, चुलीवरील उपड्या मातीच्या खापरावर टाकला जातो आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत आमरसाबरोबर मऊ असतानाच खाल्ला जातो. एका अर्थी खानदेशाने मंडकाचे तंत्र राखले आणि त्यात पुरणाची भर घातली, तर बेळगावाने पातळपणा राखला आणि बाकी जवळजवळ सगळे बदलले. नाव एकच असल्यामुळे हे दोन पदार्थ पुष्कळदा एकमेकांत मिसळले जातात, परंतु खानदेशी मांड्याची अपेक्षा धरून बेळगावचा मांडा उघडणाऱ्याच्या हाती पोळीऐवजी पापडासारखे मोडणारे काहीतरी येते.

बेळगावकडील कृतीत मैदा किंवा अगदी बारीक चिरोटी रवा तेलातुपाचा हात लावून घट्टसर मळतात आणि पीठ तासन्‌तास मुरू देतात. सारण असते पिठीसाखरेचे. तीत तूप, भाजलेली खसखस आणि वेलची घालतात, काही ठिकाणी खवाही मिसळतात. पुरणपोळीप्रमाणे हे सारण उंड्यात भरून तो लाटत नेला जातो, इतका की खालचा पाट वरून दिसू लागतो, आणि मग तो लाटण्यावर किंवा हातांवर अलगद उचलून तापलेल्या उपड्या कढईच्या पाठीवर पसरला जातो. यानंतरच्या काही क्षणांत पदार्थाचे भवितव्य ठरते. आतली साखर वितळून दोन पापुद्र्यांना चिकटते. मांडा अजून लवचिक असतानाच दोन्ही बाजू आत घेऊन त्याची लांबट चौकोनी घडी घातली जाते, आणि हवा लागताच वितळलेली साखर पुन्हा घट्ट होऊन घडी तशीच कायमची बसते. घडी घालण्यास उशीर झाला तर मांडा कढईवरच ताठ होऊन मोडतो, घाई केली तर साखर न वितळल्यामुळे तो निवल्यावरही चामट राहतो. म्हणून हे काम एकटीने करण्याचे नव्हे; एक लाटते, दुसरी भाजते आणि घडी घालते, आणि दोघींचे हात एकमेकींच्या वेगाला सरावलेले असावे लागतात.

या कृतीची भावमिश्राच्या पानाशी तुलना केली असता बदलाचे मर्म लक्षात येते. जुन्या ताटात मंडकाच्या शेजारी असलेले तूप आणि खांडसाखर बेळगावात मंडकाच्या पोटात गेली, आणि शेजारी उरले ते केवळ दूध. साखर आत जाताच पदार्थाचा स्वभाव पालटला, कारण जो मंडक भाजल्यावर लगेच खावा लागे तो आता निवल्यावरच खाण्याजोगा झाला, आणि ओलावा जवळजवळ नसल्यामुळे कित्येक दिवस टिकू लागला. टिकाऊपणा आला म्हणजे पदार्थ पंगतीच्या वेळेपासून मोकळा होतो. तो लग्नाच्या आठवडाभर आधी करून ठेवता येतो, रुखवतात मांडता येतो, विहिणीकडे पाठवता येतो आणि पाहुण्यांबरोबर गावाला देता येतो. ब्राह्मणी लग्नांतील मानपानात मांड्यांना मिळालेले स्थान बऱ्याच अंशी या गुणाचे फळ असावे. चवीपेक्षा हाताचे कसब दाखवणारा पदार्थ रुखवतात शोभतो, आणि मांड्याइतके कसब उघडपणे दाखवणारे पक्वान्न दुसरे क्वचितच असेल.

हे स्थान समजण्यासाठी जिल्ह्याचा धान्यनकाशा ध्यानात घ्यावा लागतो. पश्चिमेकडील खानापूर आणि बेळगावचा पट्टा पावसाचा आणि भाताचा. पूर्वेकडे सौंदत्ती, गोकाक, अथणीची काळी जमीन ज्वारी, गहू आणि कापसाची. निपाणी-चिकोडीकडे ज्वारीबरोबर तंबाखू आणि पुढे ऊस. बहुसंख्य लोकांचे रोजचे अन्न ज्वारीची भाकरी किंवा भात हेच होते आणि गहू सणावारी लागे. तोही बहुधा खपली जातीचा, ज्याची गूळ घालून केलेली खीर कन्नड घरांत ‘हुग्गी’ म्हणून आणि निपाणी-कोल्हापूरकडे खपलीची खीर म्हणून मोठ्या पंगतींना वाढली जाते. हुग्गी शेकडो माणसांना पुरवता येते, तर मांडा एकेक भाजावा लागतो, त्याला सपीठ, साखर आणि तूप या तिन्ही महागड्या वस्तू लागतात. त्यामुळे एक गावजेवणाचा पदार्थ राहिला आणि दुसरा मानाचा. कुंभारकामाची उणीव मात्र या भागात कधीच नव्हती. खानापूरची माती भांड्यांसाठी प्रसिद्ध असून पुढे ग्रामीण कुंभारकामाचे प्रशिक्षण देणारी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय संस्थाही तेथेच उभी राहिली. अशा मुलखात खापराची जागा लोखंडी कढईने घेतली याचे कारण भांड्यांची टंचाई हे नव्हे. कढई फुटत नाही, लवकर तापते आणि दिवसभरात मोठ्या संख्येने मांडे उतरवायचे असतील तेव्हा तिची पाठ एकसारखी राहते, ही कारणे अधिक पटण्याजोगी आहेत.

मांडा न खाणाऱ्यांनीच त्याला भाषेत अमर केले, असे म्हणण्यास जागा आहे. ‘मनात मांडे, पदरात धोंडे’ ही म्हण ज्याच्या ताटात मांडे नेहमी पडतात त्याच्या तोंडून निघणे अवघड; ती ज्वारीची भाकरी मोडणाऱ्याची म्हण आहे. विशेष असे की कन्नडमध्येही रिकाम्या मनोराज्याला ‘मनस्सिनल्लि मंडिगे तिन्नुवुदु’, म्हणजे मनात मांडे खाणे, असेच म्हणतात. शब्दांची देवघेव या दोन भाषांत विपुल आहे आणि स्वयंपाकघरात तर ती पावलोपावली दिसते. मराठीतील ‘तूप’ आणि कन्नड ‘तुप्प’, ‘आंबील’ आणि ‘अंबलि’, ‘कडबू’ आणि ‘कडुबु’ या जोड्या परिचित आहेत, आणि ‘उप्पीट’ तर ‘उप्पु’ म्हणजे मीठ व ‘हिट्टु’ म्हणजे पीठ असा सरळ कन्नड सामासिक शब्द आहे. पण मांड्याच्या बाबतीत शब्दाबरोबर त्याच्याभोवतीची असूयाही सामाईक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेनुसार बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि त्याच जिल्ह्याचा चंदगड तालुका मात्र कोल्हापूरला जोडला गेला. सीमाप्रश्नाने गेल्या सात दशकांत पाट्यांपासून शाळांपर्यंत सर्व काही वादात आणले, तरी मांडे मराठी की मंडिगे कन्नड असा वाद कोणी हिरिरीने घातल्याचे दिसत नाही.

मांड्याच्या तुलनेत कुंदा अगदी अर्वाचीन. दूध आटवत आणि सतत ढवळत तांबूस व रवाळ होईपर्यंत शिजवलेली ही मिठाई मारवाडातून येऊन बेळगावात स्थिरावलेल्या पुरोहित मिठाईवाल्यांशी जोडली जाते, आणि चुलीवर विसरून राहिलेल्या दुधातून ती अपघाताने जन्मली अशी आख्यायिका सांगितली जाते. अशी आख्यायिका जगातील निम्म्या मिठायांना चिकटलेली असल्यामुळे तिच्यावर फार भार टाकणे बरे नाही. दक्षिणेकडे धारवाडचा पेढाही उत्तर भारतातील उन्नावहून आलेल्या ठाकूर घराण्याने नावारूपाला आणला, तेव्हा या पट्ट्यातील दुधाला बाहेरून आलेल्या हातांनी दुकानाची मिठाई बनवले, एवढे निदान म्हणता येते. गोकाकच्या करदंटाची गोष्ट आणखी निराळी. ‘करिद’ म्हणजे तळलेला आणि ‘अंटु’ म्हणजे डिंक. तुपात फुलवलेला डिंक, गूळ, खोबरे, खारीक आणि सुकामेवा यांची ही वडी मराठी घरांतील डिंकाच्या लाडवाची सख्खी बहीण असून तिचे मूळ गिऱ्हाईक पैलवान आणि बाळंतीण हेच होते. कुंदा आणि करदंट ही दोन्ही दुकानात वजनावर विकता येतात आणि प्रवासात हिंदकळली तरी बिघडत नाहीत, म्हणून शहराच्या नावाची पाटी त्यांच्याकडे गेली. मांडा तसा नाही.

बेळगावात मांड्यांचा व्यवसाय आजही मुख्यतः घरगुती आहे. शहापूर हा भाग १९४८पर्यंत सांगली संस्थानात होता आणि बेळगावला लागून असूनही वेगळ्या राज्याचा होता. अशा जुन्या पेठांतून आणि टिळकवाडीसारख्या नंतरच्या वस्त्यांतून लग्नसराईच्या मागणीप्रमाणे स्त्रिया मांडे करून देतात. पिठीसाखर आता गिरणीतून येते, सपिटाची जागा मैद्याने घेतली आहे, चुलीऐवजी गॅसची शेगडी आहे. गहू ओलवण्याची, कांडण्याची आणि चाळण्याची भावमिश्राने सांगितलेली सारी खटपट कारखान्यात गेली आहे. लाटणे, उचलणे आणि घडी घालणे या तीन क्रिया मात्र अजून यंत्राच्या हाती लागलेल्या नाहीत. पुण्या-मुंबईला जाणारे मांडे उभे रचून, मध्ये कागद घालून पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरले जातात आणि तरीही काही वाटेत मोडतातच. मोडलेले मांडे रुखवतात ठेवता येत नाहीत. ते वाटीत चुरून त्यांवर कोमट दूध आणि वर चमचाभर तूप घालतात, आणि साखर आधीच आत असल्यामुळे वरून घ्यावी लागत नाही.